सासूबाईंच्या हळदीचा पंचनामा

किशनरावांनी ठरवलं ते एवढंच, की कचेरीत ज्या कागदाचा आपण तर्जुमा करतो आहोत, तो एकदा घरी करून पाहावा. आता सरकारी कागद हा वाचायचा असतो, त्याला नंबर द्यायचा असतो, मिसलीत लावायचा असतो. घरी नेऊन करून पाहायचा नसतो, हे बारा वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला कळायला हवं होतं. पण वैशाखाचे दिवस होते, परभणीचं ऊन डोक्यात शिरलं होतं, आणि साहेब नवे होते.

साहेब काय, सगळा कारभारच नवा होता. किशनराव नोकरीला लागले तेव्हा वर निजाम होता आणि कागद उर्दूत होते. त्या जमान्यात त्यांच्या अक्षराची तारीफ औरंगाबादपर्यंत जाई. मग पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला आणि हळूहळू उर्दूही गेली. गेल्या दिवाळीत मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि किशनरावांच्या टेबलावर इंग्रजी कागद येऊन पडू लागले. इंग्रजी त्यांना येत होती, पण डिक्शनरीचा हात धरून. पुण्याकडून आलेले नवे साहेब म्हणाले, "किशनराव, हे मसाल्यातल्या भेसळीचं परिपत्रक. नवा कायदा आहे. याचं सोप्या मराठीत भाषांतर करा, गावोगाव पाठवायचंय."

किशनरावांनी बाह्या सरसावल्या. पहिल्याच ओळीत 'ट्रेस एलिमेंट्स' आडवे आले. डिक्शनरीत 'ट्रेस' म्हणजे माग, पाऊलखूण. 'एलिमेंट' म्हणजे महाभूत. किशनरावांनी वळणदार अक्षरात लिहिलं : 'मसाल्यातील महाभूतांचा माग कसा काढावा.'

चपराशी सटवाजीनं तो मथळा अक्षर-अक्षर लावून वाचला आणि विचारलं, "रावसाब, मसाल्यात बी भुतं असत्यात?"

"सटवाजी, हे शास्त्र आहे."

"शास्त्र असंल तर असंल. पर गावात ह्यो कागद वाचला तर लोक मांत्रिकाला बोलावतील, आपल्याला न्हाई."

पुढचा मजकूर मात्र सोपा होता. मिरचीची पूड पाण्यात टाका, वीट असेल तर तळाशी बसेल. मिरे पाण्यात सोडा, पपईच्या बिया असतील तर तरंगतील. हळदीवर ॲसिडचे थेंब टाका आणि ती लाल होते का पाहा. हे वाचता वाचता किशनरावांच्या मनात पहिल्यांदाच असा विचार आला, की आपण नुसते कारकून नाही, शास्त्रज्ञही होऊ शकतो. (मधल्या सुट्टीत दोन पानं खाल्ल्यावर त्यांना असे विचार येत.) त्यांनी कचेरीतली एक काचेची नळी रुमालात गुंडाळली आणि शनिवारी घरी नेली.

अडचण एकच होती. ॲसिडची बाटली साहेबांच्या कपाटात, कुलपात. किशनरावांनी डिक्शनरी काढली. 'ॲसिड : तेजाब. जिभेस पोळणारा तीक्ष्ण पदार्थ.' किशनराव विचारात पडले. जिभेस पोळणारा असा पदार्थ घरात आहे का? आहे. पानाच्या डब्यात आहे. गेल्याच आठवड्यात जास्त लागला तेव्हा दोन दिवस जीभ बाहेर काढून बसावं लागलं होतं. त्यांनी चुना पाण्यात कालवला, वरची निवळी खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरली आणि त्यावर झोकदार अक्षरात चिठ्ठी चिकटवली : 'ॲसिड. हात लावू नये.'

रविवारी सकाळी मनकर्णाबाई माहेरी जायची तयारी करत होत्या. माहेर पोखर्णीचं. धाकटी बहीण केवळा, तिचं लग्न त्याच आठवड्यात होतं. लुगड्यांच्या घड्या करून त्या स्वयंपाकघरात आल्या, तर सगळे डबे जमिनीवर, आणि मधोमध नवरा, हातात नळी.

"अवो, काय करायलाव?"

"तपासणी."

"आन् सैपाक कशाचा करू? तपासनीचा?"

किशनरावांनी नळी सरळ धरली. मिरचीची पूड पाण्यात टाकली. थोडी वर राहिली, बाकीची तळाशी बसली. परिपत्रकात किती बसावी ते दिलेलं नव्हतं. त्यांनी वहीत लिहिलं : 'संशयास्पद.' मिऱ्यांपैकी सहा बुडाले, एक तरंगला. तो पुरावा म्हणून उचलायला गेले, तर चिमटीतून निसटून चुलीमागच्या उंदराच्या बिळात गेला. त्यांनी लिहिलं : 'पुरावा फरारी.' हिंग जळताना ज्योत कशी दिसते हे पाहायचं होतं, म्हणून महिन्याचा हिंग निखाऱ्यावर ठेवला. ज्योत दिसली नाही, धूर दिसला. भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, "मनकर्णाबाई, कशाची फोडनी हाय व? समदी गल्ली दनानली की!"

"फोडनी न्हाई!" मनकर्णाबाई खोकत ओरडल्या. "आमच्या घरात सरकार शिरलंय!"

मग किशनरावांनी चिमूटभर हळद नळीत घातली आणि त्यावर बाटलीतले तीन थेंब सोडले.

हळद लाल झाली. नुसती लाल नाही, ताज्या जखमेसारखी लालभडक. किशनरावांनी घाईनं कागद उलटला. परिपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं, की हळद पिवळी दिसावी म्हणून काही लोक तीत शिशाचा रंग घालतात, आणि शिसं म्हणजे विष.

"शिसं!" ते ओरडले. "मनकर्णा, ही हळद कुठून आली?"

कुठून आली ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. लग्न झाल्यापासून त्यांच्या घरात दुसरीकडची हळद आलीच नव्हती.

"कुठून म्हंजे? माझ्या मायच्या वावरातली हाय. मायनं उकडली, वाळवली, कांडली. कामून?"

"तीत विष आहे."

मनकर्णाबाईंनी नळीकडे पाहिलं. लाल रंग पाहून त्यांचाही चेहरा उतरला. बाटलीत काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं; चिठ्ठीवर सरकारी अक्षर होतं, आणि सरकारी बाटलीचा वास कोण घेतं! पण क्षणभरानं त्यांनी कमरेला पदर खोचला.

"माझ्या मायनं आपल्या जावायाला इख घातलं म्हन्ता?"

"मी म्हणत नाही. शास्त्र म्हणतंय. शास्त्र कुणाची आई बघत नाही."

हे वाक्य किशनरावांना बोलताना फार आवडलं. तासाभरानं न्यायला आलेल्या भावाच्या बैलगाडीत बसताना मनकर्णाबाई म्हणाल्या, "लगनाला या, न्हाईतर नका येऊ. शास्त्राच्या हातचं खावा. आन् आलाव तर ती बाटली घिऊन येऊ नका."

गाडी वळणाआड गेली. डबे गोळा करायला कोणी नव्हतं. त्या दिवशी किशनराव ताक-भाकर खाऊन झोपले. भाकरीही शेजारणीनं दिलेली होती.

इथंच सगळं थांबलं असतं. पण सोमवारी कचेरीत साहेबांनी तर्जुमा वाचला, 'महाभूतांचा माग' पाहिला आणि चष्मा काढून बराच वेळ पुसला. आता काहीतरी बोलणार, हे ओळखून किशनराव घाईनं म्हणाले, "साहेब, मी स्वतः प्रयोग करून पाहिला. हळदीत भेसळ सापडली."

साहेबांनी चष्मा परत घातला. "सापडली? ॲसिड टाकलं होतं?"

"तीन थेंब. लालभडक."

"कुणाची हळद?"

किशनराव अडखळले. "पोखर्णीची एक बाई आहे, साहेब. नातलगांना, ओळखीच्यांना देत असते."

"किती घरांना?"

"चाळीस-पन्नास तरी असतील." (सासूबाईंच्या दिलदारपणाबद्दल बोलताना किशनराव नेहमीच आकडा वाढवून सांगत. सवय होती.)

साहेब खुर्चीतून उठले. नवा कायदा, नवा मुलूख, आणि जिल्ह्यातला पहिला गुन्हा! "पन्नास घरांत विष! किशनराव, तुम्ही माणसं वाचवलीत. गुरुवारी सकाळी जीप काढायची."

"पण साहेब, गुरुवारी माझी रुखसत मंजूर आहे. घरचं लग्न आहे. केवळाचं... म्हणजे मेहुणीचं."

"कुठं?"

आता 'पोखर्णीला' म्हणावं, तर पुढचा प्रश्न येणार आणि त्याच्या पुढचाही. त्या बाई आपल्या सासूबाई आहेत हे आता सांगितलं, तर साहेब म्हणतील, नातलग म्हणून इतके दिवस दाबून ठेवलंत. नाही सांगितलं, तर... त्या 'तर'च्या पुढं किशनरावांची अक्कल चालेना.

"तिकडेच, साहेब. त्याच बाजूला."

"मग उत्तम! रजा रद्द. ड्यूटीवर चला, काम आटपलं की तसेच लग्नाला जा."

गुरुवारी जीप निघाली. पुढं साहेब, मागं किशनराव, त्यांच्या मांडीवर पेटी, पेटीत लाख, मोहोर, कागद आणि बाटल्या. सटवाजी त्यांच्या घामाकडे पाहत होता. रस्ताभर किशनराव मनात पोखर्णीच्या नरसिंहाला नवस बोलत होते. जीपचं चाक फुटू दे. इंजिन बंद पडू दे. साहेबाला उलटी होऊ दे. पण निजामाच्या काळातली ती खटारा जीप, जी एरवी टेकडी पाहिली की बसकण मारी, त्या दिवशी एकदाही अडली नाही.

पोखर्णीत मांडव पडला होता. हळदीचाच दिवस होता. नवऱ्या मुलाकडची मंडळी जानवशावरून आली होती आणि आत बायका गाणी म्हणत हळद लावत होत्या. जीप दिसताच गाणं थांबलं. मग एकच गलका झाला.

"जावाईबापू आले! जीपमदी आले!"

किशनरावांच्या सासूबाई, बायनाबाई, भाकरतुकडा घेऊन धावत आल्या. धिप्पाड बाई, आवाज असा की वावराच्या दोन्ही बांधांना ऐकू जावा. त्यांनी आधी जावयावरून तुकडा ओवाळून टाकला, मग साहेबांवरून. "लेकीच्या हळदीला सायेब आनला! नशीब लागतंय असं जावाई मिळायला!"

साहेबांनी दबक्या आवाजात विचारलं, "किशनराव, या बाई तुम्हाला जावई का म्हणतायत?"

"इकडची पद्धत आहे, साहेब. पाव्हण्याला मानानं जावई म्हणतात."

"मग मला का नाही म्हटलं?"

"तुम्ही पहिल्यांदाच आलात ना."

एवढ्यात मनकर्णाबाई दारात आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, पेटीतून डोकावणाऱ्या खोकल्याच्या बाटलीकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारून घेतला.

साहेब सभ्य होते, पण कामाला पक्के. खाटेवर बसले, पाण्याचा तांब्या हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाई, तुमच्या हळदीत विष असल्याची तक्रार आमच्याकडे आहे. मी ती तपासायला आलोय."

वाजंत्री फुंकणाऱ्यांनी गाल तसेच फुगवून ठेवले. आतून नवऱ्या मुलाची आई, धुरपताबाई, हळदीनं माखलेल्या हातांनी बाहेर आली.

"इख?" ती म्हणाली. "आन् आमी सकाळपून माझ्या लेकराला चोपडायलाव की व ती हळद! डोक्यापून टाचंपतूर!"

मग तिनं हंबरडाच फोडला. "आगं उठवा त्याला! पानी आना! गाड्या जुपा! न्हाई करायचं हे लगीन!" नवरा मुलगा, नखशिखांत पिवळा, दोन माणसांनी धरून विहिरीकडे नेला. मांडवाच्या कोपऱ्यात बसलेली केवळा रडू लागली. किशनरावांना तिचं ते रडणं ऐकवेना. आठवडाभरात पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आलं, की वहीत 'संशयास्पद' असं लिहिणं सोपं असतं. त्याच्या खाली कुणाचं तरी लग्न असतं.

बायनाबाई मात्र रडल्या नाहीत. "कुनी केली तकरार?" त्यांनी विचारलं.

"यांनी," साहेबांनी किशनरावांकडे बोट दाखवलं.

"जावायानं?"

"हो. म्हणजे... हे खरोखरचे जावई आहेत?"

"मंग काय सोंगातले हायत व्हय?"

साहेबांनी किशनरावांकडे असं पाहिलं, की किशनरावांना निजामाचे दिवस फार प्रेमानं आठवले. "ठीक आहे," साहेब थंडपणे म्हणाले. "तक्रार तुमची, प्रयोगही तुम्हीच करून दाखवा."

किशनराव उठले. सटवाजीनं नळी धरली. बायनाबाईंनी परातीतली चिमूटभर हळद तीत टाकली. किशनरावांनी 'हात लावू नये' असं लिहिलेली बाटली उघडली आणि तीन थेंब सोडले. हळद लालभडक झाली. मांडवात 'आगं आई!' असा सूर निघाला. धुरपताबाई मटकन खाली बसली.

बायनाबाईंनी मात्र नळीकडे पाहिलं, मग बाटलीकडे पाहिलं. मग जावयाच्या हातातून बाटली घेतली, तीत करंगळी बुडवली आणि ती जिभेला लावली.

"अहो बाई! विष आहे ते!" साहेब ओरडले.

"चुना हाय," बायनाबाई म्हणाल्या.

मग मागून एक म्हातारी खिदळली. तिचं पाहून दुसरी. मग सगळ्या बायकांनी जो हशा काढला, त्यानं मांडवाच्या झावळ्या हलल्या.

"अवो जावाईबापू," बायनाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "हळदीत चुना पडल्यावर ती लाल व्हनार न्हाई तर काय काळी व्हनार? अशानंच कुंकू बनतंय की! मागल्या साली तुमचा पाय मुरगळला तवा कशाचा लेप लावला व्हता म्या? पंधरा दिस लाल पाय घिऊन कचेरीत गेलाव की तुमी!"

ते किशनरावांना आठवलं. पण पायावर पाहिलेली वस्तू त्यांना काचेच्या नळीत ओळखता आली नव्हती.

धुरपताबाईचं समाधान होईना. "ते कुंकवाचं राहू द्या. सरकार सांगंल तेच खरं." तेव्हा साहेबांनी पेटीतून खरी बाटली काढली, नवी नळी घेतली, हळद घातली आणि खऱ्या ॲसिडचे थेंब सोडले.

हळद गुलाबी झाली.

हशा थांबला. धुरपताबाई उठली. मनकर्णाबाईंनी आईचा हात घट्ट धरला. आता या घराचा उंबरा आपल्याला या जन्मी ओलांडता येणार नाही, हे किशनराव समजून चुकले. साहेबांनी शांतपणे तांब्यातलं पाणी नळीत ओतलं आणि नळी उन्हात धरली. गुलाबी रंग विरत गेला, पार नाहीसा झाला. राहिली ती साधी पिवळी हळद.

"पाणी घातल्यावर रंग टिकला असता तर भेसळ," साहेब म्हणाले. "टिकला नाही. हळद शुद्ध आहे."

"ते आमाला ठावं हाय," बायनाबाई म्हणाल्या. "ज्याला ठावं नव्हतं त्याला सांगा."

वाजंत्री पुन्हा सुरू झाली. विहिरीवर धुऊन काढलेल्या नवऱ्या मुलाला परत आणून नव्यानं हळद लावली. पहिल्यापेक्षा जास्तच लावली, कारण आता ती सरकारनं पास केलेली होती. धुरपताबाईनं आपल्या घरासाठी पायलीभर मागून घेतली. किशनरावांना कोणी रागावलं नाही. तेच जास्त वाईट होतं. येणारी-जाणारी प्रत्येक बाई पानाचं तबक पुढं करून अदबीनं विचारत होती, "चुना लावू का, जावाईबापू?"

साहेब जेवायला थांबले. निघताना बायनाबाईंनी त्यांच्यासाठी हळदीचं गाठोडं आणलं. साहेब मागं सरकले. "बाई, आम्हाला भेटवस्तू घेता येत नाही."

"मंग काय घेता येतंय?"

साहेबांनी थोडा विचार केला. "नमुना घेता येतो."

"किती?"

"कायद्याप्रमाणे नमुन्याचे तीन भाग करतात."

बायनाबाईंनी तीन-तीन शेराचे तीन भाग बांधून दिले. त्यातला एक भाग कायद्यानं मालकाकडे ठेवायचा असतो, पण त्या घेईनात. सटवाजीनं नऊ शेर नमुना जीपमध्ये ठेवला.

परभणीला परत आल्यावर मनकर्णाबाईंनी किशनरावांना हळूहळू माफ केलं. हळदीचा अपमान मात्र मायलेकींनी माफ केला नाही, घरात हळद येईना. "आपल्या वाट्याची सायेबाच्या जीपमदी गेली," एवढंच मनकर्णाबाई म्हणाल्या. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. वरण पांढरं, पिठलं पांढरं, बटाट्याची भाजी आजाऱ्याची असावी तशी. बाजारची आणतो म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "बाजारची कामून? तीत इख असलं म्हंजे?"

श्रावणात साहेबांचं बिऱ्हाड पुण्याहून आलं आणि एका सोमवारी साहेबांनी कचेरीतल्या चार जणांना फराळाला बोलावलं. बाकीचे तिघे अजून यायचे होते. साहेब आत सोवळं नेसत होते. साहेबीणबाईंनी किशनरावांसमोर पान मांडलं. राजगिऱ्याची पुरी, रताळ्याचा कीस, आणि ज्यांना उपास नाही त्यांच्यासाठी घट्ट पिठलं, सोन्यासारखं पिवळंधमक. तीन महिन्यांनी तो रंग पाहून किशनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपला उपास आहे, हे ते तत्काळ विसरले.

"आवडलं ना?" बाई कौतुकानं म्हणाल्या. "सगळी हळदीची करामत. पुण्यात अशी बघायला नाही मिळत. ह्यांच्या कचेरीत म्हणे एक कारकून आहे, त्यानं हळदीत चुना घातला आणि लाल झाली म्हणून स्वतःच्या सासूवर पंचनामा आणला! मी तर हसून हसून लोळले. ह्यांना म्हटलं, एकदा बोलवा हो त्याला, बघू तरी कसा दिसतो. तुम्ही ओळखत असाल ना?"

किशनरावांनी तोंडातला घास सावकाश गिळला.

"ओळखत होतो," ते म्हणाले. "बदली झाली त्यांची." आणि त्यांनी पिठल्यासाठी ताट पुढं केलं.